ए तारेचा तिसरा पडदा

३ फेब्रुवारी, सोमवार

बेस गिटारच्या चारही तारा काढल्या. पक्कड लावून तोडल्या नाहीत – खुंट्या सैल करत, एकेक सोडवत, नवरा काढायचा तशा. शेवटची निघाली आणि बेस एकदम बोळका दिसायला लागला. घ्या! उपमासुद्धा धंद्यातलीच सुचली. दिवसभर लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या घासणारीला दुसरं सुचणार तरी काय.

काल ढम्या येऊन गेला. ढम्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो, माझ्या नवऱ्याचा जुना दोस्त. म्हणाला, बावीस तारखेला खर्ज्यासाठी कार्यक्रम ठेवलाय. खर्ज्या म्हणजे माझा नवराच – ऑर्केस्ट्रात त्याला दुसरं नाव नव्हतं. त्याच्या जागी आता पोस्टातले एक गृहस्थ बेस गिटार वाजवतात. त्या दिवशी त्यांनी खर्ज्याचाच बेस वाजवावा, असं सगळ्यांच्या मनात आहे. माझ्याही आहे. पण तो गेल्यापासून बेस पेटीत पडून. मान वाकलीय, तारा पडद्यांपासून – मानेवरच्या त्या आडव्या पट्ट्यांपासून – बोटभर वर गेल्यात. ढम्या म्हणाला, दुकानात टाकतो, ते सेट करून देतील. मी म्हटलं, कुणी हात लावायचा नाही, मी करते. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याचे ड्रम वाजवते म्हणाले.

आता मला येतं का? नाही येत. हवा बदलली की तो पलंगावर बेस आडवा घालून बसायचा आणि मी टॉर्च धरायचे. लग्न झाल्यापासून टॉर्च धरलाय. टॉर्च धरणाऱ्याला थोडं तरी कळत असेलच की. आणि खरं सांगू? त्याच्यासोबत करण्यासारखं एवढंच एक काम उरलंय. ते दुकानात कसं टाकू.

जुन्या तारांच्या टोकाला लाल रेशमी दोरा गुंडाळलेला असतो. तो दोरा हा कंजूष कधी फेकायचा नाही. उसवून ठेवायचा आणि ऑर्केस्ट्राच्या वस्तूंना खूण म्हणून बांधायचा – छत्रीच्या दांड्याला, पाण्याच्या बाटलीला, दुसऱ्या चष्म्याच्या काडीला. म्हणजे तिथला माल घरी यायला नको आणि घरचा तिथे जायला नको. मी एकदा विचारलं होतं, मला कधी बांधणार दोरा? तर म्हणाला, तुला कशाला, तू घरचीच आहेस ना. आजही दोरा उसवला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. सवय त्याची, लागली मला.

४ फेब्रुवारी

नव्या तारा चढवल्या. चकचकीत आहेत. घर फार शांत आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

फोनवर एक टकल्या सापडलाय. कुठल्या देशातला कोण जाणे, इंग्रजीतून बेस सेट करायला शिकवतो. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला म्हणतो, घाबरू नका. आज दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त तोच बोलला.

पण मी आगाऊ! तारा उंच दिसतायत ना, मग घ्या खाली – असं सरळ डोकं लावलं. प्रत्येक तार शेवटी एका छोट्या घोडीवर टेकते. चार तारा, चार घोड्या. बारीक चावीने स्क्रू फिरवून चारही घोड्या खाली बसवल्या. मग मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, तिच्यावर मानेचा बाक ठरतो – ती आवळली. मान सरळ झाली आणि चारही तारा पडद्यांवर लोळायला लागल्या. जिथे बोट ठेवावं तिथे घर्रर्र. त्यानंतर टकल्या सांगतोय, आधी मान, मग उंची, मग सूर, क्रम चुकवू नका. अरे बाबा, हे आधी सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं? मागे जाऊन बघितलं तर त्याने आधीच सांगितलं होतं. मीच तो भाग पुढे ढकलला होता.

नवरा असता तर खो खो हसला असता. आणि मी चिडले असते. चिडायलासुद्धा माणूस लागतं समोर.

६ फेब्रुवारी

घोड्या परत वर. सळई पाव फेरा, जास्त नाही. तारा सुरात आणल्या आणि बेस भिंतीला टेकवून ठेवला. लाकडाला वेळ द्यावा लागतो. लाकूड सावकाश ऐकतं, असं तो म्हणायचा. स्वतः कुठे लवकर ऐकायचा!

८ फेब्रुवारी, शनिवार

ताईंचा फोन. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून त्यांनीच त्याला वाढवलं. मीही त्यांना ताईच म्हणते. दर शनिवारी फोन करतात आणि दर शनिवारी गाडी त्याच जागी येऊन थांबते – शेवटी माझीच वाट बघत होता गं तो. मी हो म्हणते. मग त्या रडतात, मग जेवलीस का विचारतात, मग ठेवतात.

इथे तरी लिहून टाकते.

दवाखान्यात त्याला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. फुप्फुसं भरली होती. आत कुणाला सोडत नव्हते. मी रोज काचेबाहेर उभी राहायचे, हात हलवायचे. तो बघायचा. सरळ माझ्याकडे बघायचा! आणि तोंडावरची रेघ हलायची नाही. मी म्हणायचे, थकला असेल. एका दुपारी नर्स बाहेर आली आणि जरा अवघडून म्हणाली, "काका विचारतायत, त्या बाहेर उभ्या आहेत त्या बाई कोण?"

बाई. एवढा संसार केला आणि मी बाई. डॉक्टर म्हणाले, ताप असा चढला की माणसं ओळखत नाहीत, मनाला लावून घेऊ नका. घेतलंच मी मनाला लावून. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. का सोडलं, ते तेव्हा कळायला हवं होतं. स्टूल ओढून अगदी उशाशी बसले. चष्मा त्याच्या नाकावरून घसरला होता – दुसरा चष्मा, घरचा त्या गडबडीत सापडलाच नव्हता – तो नीट केला. तो माझ्याकडे बघून हसला. छान हसला. म्हणाला, "आलीस? किती वाट बघायला लावतेस!" आणि माझं बोट धरून ठेवलं. त्यानंतर बोलला नाही. त्याच दिवशी गेला.

आदल्या दुपारची बाई दुसऱ्या दिवशी बायको कशी होईल? मला काय कळत नाही होय? तो ताईंची वाट बघत होता. पोरगं असल्यापासून त्यांचीच बघत आलाय. ताई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. पायरीवरच बसल्या बिचाऱ्या. मीच सांगितलं त्यांना – ताई, त्याला वाटलं तुम्ही आलात, आलीस म्हणाला, हसला. त्या शब्दांवर जगतायत आता. ते माझे नव्हतेच, मी फक्त पोचते केले. माझ्या वाट्याला 'त्या बाई कोण' आलं. ते कुणाला पोचतं करणार.

९ फेब्रुवारी, रविवार

मान बसली! पहिला पडदा दाबायचा, शेवटचा दाबायचा, आणि मधोमध तार आणि पडदा यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. वाचायला सोपं आहे. एक हात पहिल्या पडद्यावर, दुसरा शेवटच्या पडद्यावर. आता कार्ड सरकवायला तिसरा हात कुठून आणू? कार्ड ओठांत धरलं, मान वाकडी केली आणि बगळ्यासारखी चोच घालून सरकवलं. सरकलं. जेमतेम. कुणी बघायला नव्हतं ते बरं झालं, असं आधी वाटलं. मग तेच वाईट वाटलं.

तारांची उंची लॅबमधल्या मापाने घेतली. कवळीच्या पत्र्याची जाडी मोजायचं माप, बेसला काय कळतंय. जाड तार थोडी वर, बारीक थोडी खाली. हाताला मऊ लागतोय आता. मला वाजवता येत नाही, तरी लागतोय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज सूर. बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून तार छेडायची, मग तिथेच दाबून छेडायची. दोन्ही सारखे आले पाहिजेत. दाबलेला चढला तर घोडी मागे, उतरला तर पुढे. सूर दाखवणाऱ्या यंत्राचा काटा बघत बसले. बारीक तारा शहाण्यासारख्या आल्या. ई – सगळ्यात जाड – तिने नाकी नऊ आणले. पण आली.

मग बेसचा आवाज मोठा करणारा अँप लावला. पहिल्यांदाच, इतक्या दिवसांनी. खोली भरून गेली. जमिनीतून तळपायाला लागतो तो आवाज.

आणि मग ईच्या शेजारच्या ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं तर – झर्रर्र! बाकी सगळीकडे स्वच्छ, नेमका तोच सूर घसा बसल्यासारखा. दुसरा कुठलाही चालला असता. ऑर्केस्ट्राचा प्रत्येक कार्यक्रम याच सुरावर उघडतो. दिवे मालवले की आधी खर्ज्या एकटा, हाच सूर, लांबच लांब. मग ढम्या, मग बाकीचे. बावीस तारखेला सगळे त्याची आठवण काढून अंधारात बसणार आणि त्याचा बेस खोकणार. ते मी होऊ देणार नाही.

१२ फेब्रुवारी

तोच सूर, तीच कुरकुर. लॅबमध्ये एका कवळीचा सुळा उलट बसवला. मी!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हात टेकले. सगळं करून झालं. सळई तपासली, घोडी वर घेतली, खाली घेतली. तारांखालची चुंबकं फार जवळ असली तर तार ओढतात, म्हणून ती खाली उतरवली. एखादा पडदा उंच राहिला असेल म्हणून लॅबमधला निळा कागद आणला – दात कुठे जास्त चावतो ते बघायला पेशंटच्या तोंडात देतात तो. पडद्यांवर धरून तार दाबली. सगळीकडे सारखा डाग. बेस म्हणतोय, मला काही झालेलं नाही. आणि कुरकुरतोय तर आहेच. उद्या-परवा ढम्याला सांगावं लागणार, ने बाबा दुकानात. नाक वर करून म्हणाले होते मी करते.

बोटाला घट्टे पडलेत. त्याचे बोटाचे घट्टे आठवले. मग तो स्टेजवर कसा उभा राहायचा ते.

तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची माझी. गेली काही वर्षं मी तिथून हात हलवायचे आणि हा ढिम्म! आधी असा नव्हता, आधी बघायचा, भुवई उडवायचा. घरी आल्यावर मी भांडायचे – लोकांसमोर बायकोकडे बघायला लाज वाटते का? तो म्हणायचा, अगं, तिथे उभं राहिलं की मला कागदापलीकडे काही दिसत नाही. मी म्हणायचे, वा, मोठे कलावंत! वर्षानुवर्षं तेच भांडण. आता कोणी घातलं तर आनंदाने भांडेन.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! म्हणजे कुरकुर सापडली नाही, पण घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं.

टकल्या बोलता बोलता म्हणाला, एकच सूर बेसवर दोन ठिकाणी राहतो. ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा सूर ई तारेच्या आठव्या पडद्यावरही आहे. म्हटलं बघू. आठव्यावर बोट ठेवलं, छेडलं – झर्रर्र! तार वेगळी, पडदा वेगळा, कुरकुर तीच. अँप बंद करून नुसत्याच तारा छेडल्या तर दोन्हीकडे स्वच्छ. परत अँप लावला – झर्रर्र.

म्हणजे बेस निर्दोष. इतके दिवस मी त्या बिचाऱ्याला उगाच छळलं. खोलीतलंच काहीतरी त्या एका सुराला हलतंय. आवाज चालू असताना शोधायला हवं आणि मी एकटी, तार छेडू की शोधू? ढम्याला उद्या बोलावलंय.

ताईंचा फोन वाजला. उचलला नाही. आज तेच वाक्य ऐकायची ताकद नव्हती.

१६ फेब्रुवारी, रविवार

ढम्या पलंगावर बसला, बेस मांडीवर. सांगितलं, तिसरा पडदा सोडायचा नाही, वाजवत राहा. ड्रमवाल्याच्या हातात बेस म्हणजे – जीभ बाहेर काढून एका बोटाने वाजवत होता. मी खोलीभर हात लावत फिरले. खिडकीची काच, नाही. आरसा, नाही. दिव्याची शेड, नाही. लोखंडी कपाटाला तळवा लावला तर मुंग्या आल्या. दार उघडलं, हँगर काढले, त्याचे शर्ट काढून पलंगावर टाकले. तरी झर्रर्र. आवाज वरून येत होता.

स्टुलावर चढले. कपाटावर अँपचं रिकामं खोकं. ते बाजूला केलं तर मागे चष्मा. उताणा, काडी पत्र्याला टेकून, धुळीने माखलेला. मी उचलला आणि कुरकुर थांबली. ढम्या खालून म्हणाला, "थांबली वहिनी!"

घरचा चष्मा. त्या दिवशी तो खोकं वर ठेवायला चढला होता, घाम आला म्हणून काढून ठेवला असणार. उतरला तो धापा टाकतच. संध्याकाळी दवाखाना. आम्ही पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, माझा हात आणि डोळे कपाटावर पोचत नाहीत म्हणून तिथे बघितलंच नाही. दुसरा त्याच्या पिशवीत होता, तोच डोळ्यावर चढवून नेला. एकाच छापाची फ्रेम, बरं झालं जादाचा होता, असं तेव्हा म्हटलेलं आठवतंय.

ढम्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग दवाखान्यात कुठला होता? मी ड्रॉवरमधून काढून दाखवला, काडीला लाल दोरा. ढम्याने बेस खाली ठेवला.

"वहिनी, हा जादाचा नाही. हा स्टँडचा."

मी म्हटलं, म्हणजे काय? तो सांगायला लागला. घरच्या चष्म्यातून खर्ज्याला कागदावरचे सूर पुसट दिसायला लागले होते, म्हणून बाहेरगावच्या एका कार्यक्रमाच्या वेळी त्याने वेगळा नंबर काढून घेतला. ढम्याच बरोबर होता. सुरांचा कागद लावायचा स्टँड दीड हातावर असतो, तेवढ्यापुरता नंबर. "तेवढं लख्ख दिसायचं त्याला. त्याच्या पुढे नुसतं धुकं. आम्ही चिडवायचो, समोर हत्ती आणून उभा केला तरी तुला कळायचं नाही." हसता हसता त्याने माझ्याकडे बघितलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. नर्सचं बोलणं त्याला माहीत नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही.

जाताना तो बेस घेऊन गेला. त्याआधी एकदा तो सूर वाजवून बघितला. स्वच्छ होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काच पलंगापासून चांगली चार-पाच पावलं होती. स्टूल उशाशी.

बाहेर कोण उभं आहे ते त्याला दिसतच नव्हतं, म्हणून त्याने विचारलं. मी जवळ बसले तेव्हा दिसले. चष्मा मीच नीट केला होता. "आलीस? किती वाट बघायला लावतेस!" – माझ्याकडे बघून म्हणाला. मलाच म्हणाला.

ताईंना फोन लावला. शनिवारी का नाही उचललास, म्हणून आधी बोलणी बसली. मग म्हणाल्या, शेवटी माझीच वाट बघत होता गं तो.

मी म्हटलं, हो ताई.

राहू दे त्यांच्याकडेही.